गुणाबाईची मेढ

१४ सप्टेंबर २००३, रविवार

आज पाहुणे कमी, माशा जास्त. पित्रं चालू असताना कोण हौसेने फिरायला येतंय! मॅडमना मी आधीच म्हटलं होतं, पंधरवडाभर बंद ठेवू, घरं सारवून घेऊ. "अनिता, म्युझियम असं बंद नसतं ठेवायचं." बरं बाई. बसले मग लुगडं नेसून चुलीपाशी, माशा हाकलत.

दुपारी एक म्हातारी आली. फाट्यावर एसटीतून उतरून उन्हात चालत आलेली. हातात पिशवी, पिशवीतून केळीचं पान डोकावतंय. मी तिकीट विचारलं. माझ्याकडे बघतच राहिली.

"माज्याच घरात जायाला तिकीट?"

गुणाबाई तिचं नाव. आमच्या ह्या देखाव्याच्या गावातलं सगळ्यात मोठं घर तिचं. तिकडे समुद्राकाठी त्यांचं गाव होतं. बंदर आलं, गाव उठलं. मिताली मॅडमच्या ट्रस्टने तिथली जुनी घरं घेतली, खांब-वासे सोडवून ट्रकने इथे आणली आणि वैशाखऱ्याच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी परत उभी केली. होड्या आणल्या, जाळी आणली. समुद्र तेवढा राहिला! घरं उभी करणारा मिस्त्री म्हणजे माझा नवरा, कमळाकर. आणि त्या घरात दर्याकाठची बाई म्हणून चुलीशी बसते ती मी — जिने समुद्र जन्मात एकदाच पाहिलाय.

गुणाबाई पान ठेवायला आली होती. "आमची मेलेली मानसं येतात ना गो ह्या दिसांत. गावात घर नाय दिसलं तर कुटं जातील? म्हनून मी इथं आले. पान इथंच ठेवते." मला आधी हसू आलं. मग नाही आलं.

माजघरात पान ठेवलं. मग मधल्या खांबाशी जाऊन बसली. तिच्या सासऱ्याने घर बांधताना मुहूर्तावर पहिला रोवलेला तो खांब. ती मेढ म्हणते. मेढीच्या बुडाला, जमिनीपासून वीतभर वर, तांब्याचा खिळा आहे म्हणे. सासऱ्यानेच ठोकलेला. हळदकुंकू त्या खिळ्यालाच लावायचं. तिने हात फिरवला. परत फिरवला. चारही बाजूंनी चाचपलं. खिळा नाही.

मग तिने वर बघितलं. वर तुळईपाशी काळोख असतो, दिवसासुद्धा काही दिसत नाही.

"उलटी रवली माजी मेढ. बुडखा वर केला."

हळदकुंकू तसंच पुडीत बांधून घेतलं. पाणीसुद्धा नको म्हणाली. जाताना माझं मनगट धरलं. "ह्या घरात कोनाला निजवू नको गो बाय. उलटी मेढ मानूस मागते."

हात थंड होता तिचा. एवढ्या उन्हात!

१५ सप्टेंबर

झोप धड लागली नाही.

आमच्याकडेही हे पाळतातच. झाड जसं उभं असतं तसाच खांब उभा करायचा — मुळाकडचा बुडखा खाली, शेंडा वर. घर सोडा, गोठ्याचा खांब रोवणाराही तेवढं बघतो. आणि हे तर मिस्त्री! चुकून होणार नाही ह्यांच्या हातून. मुद्दाम केलं असेल तर का?

चहा देताना विचारलं. "अहो, मोठ्या घरातल्या मधल्या खांबाला तांब्याचा खिळा होता?"

बशीतला चहा सांडला. "असंल. ट्रकात पडला असंल. खिळ्याचं काय घेऊन बसलीस सकाळी सकाळी!"

"मेढ उलटी लागलीय म्हणतात."

"नाय लागली. त्या घरात येक पन खांब उलटा नाय. भूमिकाची आन!"

लेकीचीच शपथ घेतली, मग मी विषय सोडला. पण ह्यांच्या हातून चहा सांडलेला मी लग्नापासून पाहिलेला नाही.

१८ सप्टेंबर

मोठ्या घरात आवाज येतो. भर दुपारी. कट्ट! मग बराच वेळ काही नाही. मग वर कुठेतरी परत — कट्ट!

वाल्मिक वॉचमन म्हणतो, "उंदीर असंल, ताई." एवढा उंदीर असेल तर त्याचंही तिकीट फाडायला हवं!

ह्यांना सांगितलं. "लाकूड बोलतं ते. सुकताना बोलतं." एवढं म्हणून जेवण अर्धं टाकून उठले.

२१ सप्टेंबर, रविवार

ठाण्याहून बस भरून लोक आले. मॅडम स्वतः माहिती देत होत्या. त्या बोलायला लागल्या की मीही ऐकत राहते, इतका जीव आहे त्यांचा ह्या घरांवर. मधल्या खांबावर थाप मारून म्हणाल्या, "इथलं एकूणएक लाकूड ओरिजनल आहे. तीन पिढ्यांपूर्वीचं."

भाकरी थापता थापता माझा हात थांबला. तीन पिढ्यांपूर्वीचं लाकूड अजून सुकतंय कसं?

२५ सप्टेंबर, सर्वपित्री

घरी पान ठेवलं. कावळा काही केल्या शिवेना. सासूबाई हाका मारून दमल्या. शेवटी गाईला घातलं. आत येऊन माझ्यावरच घसरल्या. "त्या म्हातारीच्या मागचं कायतरी तू घरात आनलंस!" मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मी असलं मानत नाही. पण उभी राहिले मुकाट्याने.

कारण हल्ली आमच्याही घरात तो आवाज येतो. तसाच — कट्ट! आणि माजघराचं दार घासायला लागलंय, खांदा लावून ढकलल्याशिवाय उघडत नाही. "पावसानं फुगलंय," सासूबाई म्हणतात. असेल.

आमचं घर मॅडमच्या घरांसारखं देखणं नाही. साधं, कौलारू. गेल्या साली, तिकडची घरं उभी झाली त्याच सुमारास, ह्यांनी आमच्या माजघरावर माळा घातला. मधे खांब दिला, त्याला वरपर्यंत निळा ऑइलपेंट. डेपोतून आणलं म्हणाले लाकूड. किती हौस वाटली होती मला त्या खांबाची! पाहुणे आले की त्यालाच टेकून बसतात.

२ ऑक्टोबर

मॅडमने आज जाहीर केलं. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईच्या शाळेची पोरं येणार, शिबिराला. राहायला मोठ्या घराच्या माडीवर! "कंदिलाच्या उजेडात गोष्टी सांगू, अनिता. त्यांना कळू दे जुनी घरं काय असतात."

सगळी पोरं वर, आणि खाली ती मेढ.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, पोरं झोपणार आहेत माडीवर. आता तरी खरं सांगा. हे करवतीला धार लावत होते. मान वर केली नाही.

"निजू देत की. भक्कम हाय ते घर. भूमिकाला पन पाठव त्यांच्यासंगं. इथल्यापरीस बरी निजंल."

बोलायचं म्हणून बोलले. स्वतःची पोर नेऊन निजवेन म्हटलं की बायको गप्प होते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

५ ऑक्टोबर, दसरा

हत्यारं पुजली. करवत, रंधा, पटाशी, सगळी माजघरातल्या खांबाशी मांडली. पूजा झाली, नैवेद्य झाला, तरी हे तिथेच बसलेले. एक हात खांबावर. बोटाच्या पेराने टकटक करत होते. खाली टकटक, जरा वर टकटक. कान देऊन.

"काय ऐकताय?" म्हटलं.

"काय नाय."

मी सोनं दिलं. घेतलं, पण नजर दिली नाही. ज्या माणसाच्या पोटात काही राहत नाही, तो महिनाभर काहीतरी धरून बसलाय. मला भीती वाटते आता. खांबाची कमी, ह्यांची जास्त.

११ ऑक्टोबर

आमची अंथरुणं ह्यांनी ओटीवर आणली. आत उकडतं म्हणे. भूमिकालाही उचलून बाहेर. सासूबाईंना किती सांगितलं, ऐकेनात. "माजी जागा ती माजी जागा. मी नाय यायची!" हे चिडले. आईवर आवाज चढवला! मग स्वतःच ओशाळून अंगणात जाऊन उभे राहिले.

रोज सकाळी खांबाशी पिठासारखा कोंडा पडलेला असतो. मी झाडते, दुसऱ्या दिवशी परत. माळ्यावर गेल्या सालचं थोडं भात आहे, घुशींनी पोती फोडली असणार. सापळा लावायला हवा.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीआधी मोठं घर पुसून घ्या म्हणाल्या मॅडम. मी फडकं रॉकेलात बुडवून मेढ पुसायला घेतली. फडकं काळंकुट्ट! धूर नाही, धूळ नाही. काजळ. तेलात कालवून चोपडलेलं काजळ.

जुन्या लाकडाला काळं कशाला फासावं लागतं? कुजकं झाकायलाच ना! सगळं सरळ दिसलं मला. समुद्राकाठी खांबांचे बुडखे ओलीने कुजले असणार. ह्यांनी उलटे करून कुजकी बाजू वर नेली, तुळईखाली, कुणाला दिसणार नाही अशी. वरून काजळ. सगळ्या माडीचा भार त्या कुजक्या टोकावर.

आणि लेकीची शपथ घेतली! भूमिकाची!

२४ ऑक्टोबर

उटणं लावलं, पणत्या लावल्या, करंज्या तळल्या. सगळं हातांनी केलं. मन तिकडे त्या माडीवर.

मॅडमला सांगितलं तर ह्यांचं काम जाईल. नुसतं काम नाही, नाव जाईल. मुरबाडपासून शहापुरापर्यंत मिस्त्री म्हणून ओळखतात ह्यांना. नाही सांगितलं आणि माडी खाली आली तर? ती पोरं कुणाची तरी भूमिकाच आहेत.

माझा जीव आहे हो ह्यांच्यावर. तोच तर त्रास आहे.

२९ ऑक्टोबर

सांगितलं.

३० ऑक्टोबर

कल्याणहून मॅडमने एक इंजिनिअर बोलावला. हेही हजर. वाल्मिकने शिडी लावली. इंजिनिअर वर चढला, बॅटरी मारली, खरवडलं, टोचा मारून पाहिला. आम्ही सगळे खाली माना वर करून.

"खांब उत्तम आहे," तो वरून म्हणाला. "सरळच आहे. पण मॅडम, हा जुना नाही."

काजळाखाली वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का निघाला. डेपोतलं लाकूड! नवं सागवान. सगळे खांब तपासले. मधले सगळे नवे. बुडखा खाली, शेंडा वर, अगदी शास्त्राप्रमाणे. नवं लाकूड म्हणून सुकत होतं. म्हणून बोलत होतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओटीवर बसल्या आणि रडायला लागल्या. "मला गुणाबाईंचं घर हवं होतं, कमळाकर. तुम्ही मला नवं बांधून दिलंत."

"तुमचे खांब बुडाला कुजलेले व्हते मॅडम. आख्खं बोट आत जायाचं. मानसं येनार, वर चढनार. मी त्यांचा जीव बगितला."

"मग मला सांगायचं!"

"सांगितलं व्हतं. तुमी म्हनालात, काय पन करा, लाकूड ओरिजनलच पायजे."

मॅडमनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "ते जुने खांब कुठे आहेत?"

ह्यांनी नजर दुसरीकडे वळवली. "जाळले. चुलीत गेले."

उद्यापासून येऊ नका, म्हणाल्या मॅडम. मला मात्र राहा म्हणाल्या. "तुम्ही प्रामाणिक आहात अनिता." ते शब्द कानफटात बसल्यासारखे लागले.

वाटेत हे माझ्या पुढे चालत होते. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

पोरं आली. माडीवर नाच नाच नाचली. घर हूं का चूं करेना! मी खाली भाकऱ्या थापत होते आणि रडत होते. पोरांना वाटलं धुराने.

४ नोव्हेंबर

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. सासूबाई भांडी आपटतात. "घरची बाय बाहेर जाऊन सांगते!" काय उत्तर देऊ? मी चुकले. माणूस आपल्या कौशल्याने दुसऱ्यांचे जीव राखत होता, आणि मी त्यालाच चोर ठरवला. ओटीवर अंथरूण आहे, दोघं दोन टोकांना. मध्ये भूमिका.

बोलायला गेले, "मला काय माहीत होतं..." तर म्हणाले, "तू बरूबर केलंस. पोरांसाटी केलंस." आणि मग, भूमिकाचं पांघरूण नीट करत, "तुला येक सांगायचं व्हतं."

तेवढ्यात सासूबाईंनी आतून हाक मारली. ते राहिलंच.

गुणाबाईचा पत्ता कुणाकडे नाही. असता तर कळवलं असतं — मेढ उलटी नव्हती गो आजी. मेढ नव्हतीच तिथे. चुलीत गेली. तुझ्या पितरांनी त्या दिवशी कुणाच्या घरात पान खाल्लं, देव जाणे.

८ नोव्हेंबर

हे आज वाशिंदला गेले. तिकडे एका कंपनीत माल भरायच्या लाकडी पेट्या ठोकायचं काम मिळालंय. राहणार ओळखीच्याकडे. मिस्त्री माणूस, पेट्या ठोकणार!

निघताना सासूबाईंना म्हणाले, "आये, भात यंदा खालीच ठेवा. पडवीत. माळ्यावर नको."

"पडवीत घुशी काय ठेवतील का?"

"आयक ना माजं. मी आल्यावर बगू." मग माझ्याकडे बघितलं. काहीतरी ओठांवर होतं. मी पाठ फिरवून भाकरी उलटली. राग होता, लाज होती, काय होतं कुणास ठाऊक. उलटली खरी पाठ.

१५ नोव्हेंबर

झोडणी संपली. भात बरं आलं यंदा! पोती पडवीत लावली, ह्यांच्या शब्दाप्रमाणे. अंग ठणकतंय.

२१ नोव्हेंबर

घुशींनी दोन पोती फाडली. सासूबाईंचा तोंडाचा पट्टा चालू. ह्यांचा काही निरोप नाही.

२६ नोव्हेंबर

सकाळपासून आभाळ. नोव्हेंबरात! पडवीला एका अंगाने झड लागते. सासूबाईंनी शेजारचे चार गडी बोलावले आणि सगळं भात माळ्यावर चढवलं. मी म्हटलं, "आई, ते नको म्हणाले होते."

"त्याला काय कलतं! पेट्या ठोकतोय तिकडं."

मी फार अडवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, घर सोडून गेलेल्या माणसाने घरातल्या भाताबद्दल काय म्हणून सांगावं! सगळी पोती वर गेली तेव्हा घर एकदा कण्हल्यासारखं झालं. पाऊस काही आलाच नाही. आता थंडी पडलीय म्हणून अंथरुणंही परत आत घेतली.

२९ नोव्हेंबर

वाल्मिकचा भाऊ वाशिंदला असतो. त्याच्याकडून निरोप आला. उद्या दुपारी येतात! भूमिका सारखी अंगणात पळतेय. कोंबडी कापायची म्हणतात सासूबाई. त्याही खूश, दाखवत नाहीत एवढंच.

मी बोलणार आहे उद्या. सगळं. पाठ फिरवली होती तेसुद्धा.

३० नोव्हेंबर, रविवार

गोठ्यामागे सावलीत बसून लिहिते आहे. वही ओटीवरच होती, तेवढी हाताला लागली.

भात वर चढलं की पहिल्या कापणीच्या कणसांची पेंडी माजघरात तुळईखाली बांधायची, ही आमच्या सासूबाईंची रीत. ह्यांच्यासाठी थांबले होते, मग म्हटलं आपणच बांधू. स्टुलावर चढले. सुतळी अडकवायला वर चाचपत होते, तर हाताला खिळा लागला. खांबालाच. तुळईच्या वीतभर खाली.

लोखंडी असेल म्हणून नखाने रंग खरवडला. निळ्याखाली हिरवं. हिरव्याखाली तांबं.

बोट सरकलं खिळ्यावरून, ते लाकडात आत गेलं. शिळ्या भाकरीत जावं तसं. डोक्यावर, पदरावर भुगा सांडला. रोज सकाळी झाडते तोच. भाताचा कोंडा नव्हता तो.

स्टुलावरून कशी उतरले, आठवत नाही. सासूबाई खांबाला टेकून तांदूळ निवडत होत्या, भूमिका त्यांच्या मांडीवर आडवी. म्हटलं, "आई, बाहेर चला. काही विचारू नका." माझं तोंड बघून त्याही उठल्या. दार ओढून घेतलं, ते घासून अडकलंच. गोठ्यामागे आलो. गुणाबाईची मेढ आमच्या घरात आहे, हे सांगितलं त्यांना. सुपातले तांदूळ तसेच हातात राहिले त्यांच्या.

ओलीपासून वाचावं म्हणून बुडखा वर केला असेल ह्यांनी. थोडक्या भाराला चाललं असतं. मग कळलं असेल, वाढतंय ते. म्हणून टकटक. म्हणून ओटीवर अंथरुणं. 'तुला येक सांगायचं व्हतं.' परक्यांच्या पोरांवर नवं सागवान घातलं ह्यांनी, आणि आपल्या पोरीवर —

रागावू की रडू, कळत नाही. येऊ देत घरी. आधी जेवायला वाढेन, मग भांडेन. आम्ही सगळी जिवंत आहोत, भांडायला काय कमी वेळ आहे!

फाट्यावर टेम्पोचा आवाज येतोय.

५ डिसेंबर

सुतकात लिहू नये, म्हणतात सासूबाई.

तो खांब अजून अंगणात पडलाय. टेम्पोत घालून आणलेला. नवाकोरा, रंधा मारलेला, बुडख्याला ह्यांच्या हाताने गेरूची खूण केलेली, खालची बाजू कळावी म्हणून. तो उतरवून घेत होते, तेवढ्यात त्यांनी पडवी बघितली. रिकामी पडवी. भात नाही.

"भूमिका! भूमिका!" करत धावले. आम्ही गोठ्यामागून ओरडत होतो, आम्ही इथे आहोत, इथे! टेम्पो चालू होता. ऐकू गेलं नाही.

दार घासत होतं. खांदा लावून ढकललं त्यांनी.